पेन्शन मिळाली, पण भरतीचं दार बंद झालं: कोकणातल्या महार सैनिकांसोबत काय घडलं?

थोडक्यात: ब्रिटिश लष्करात पिढ्यानपिढ्या नोकरी केलेल्या महार सैनिकांची भरती १८९२-९३च्या सुमारास बंद झाली. निवृत्त झालेल्यांची पेन्शन चालू राहिली, पण त्यांच्या मुलांना मात्र ती नोकरी, ते शिक्षण आणि ती पेन्शन मिळण्याची वाट उरली नाही.

कोकण आणि लष्कर

चौल-रेवदंड्यापासून महाड, दापोलीपर्यंतच्या पट्ट्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात माणसं जात. त्यात मराठे होते, महार होते आणि याच किनाऱ्यावरचे बेने इस्रायली ज्यूही होते. लष्करी कागदपत्रांत महारांना ‘परवारी’ म्हणत. १ जानेवारी १८१८च्या कोरेगाव लढाईच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी २२ महार सैनिकांची नावं आहेत.

नोकरीतून काय मिळायचं?

पगार आणि पेन्शन तर होतीच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिक्षण. गावातली शाळा ज्यांना दारात उभं करत नव्हती, त्यांना आणि त्यांच्या मुलांना छावणीतल्या शाळेत लिहा-वाचायला शिकता येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार आणि लष्करी शाळेत शिक्षक होते.

मग भरती का थांबली?

१८५७च्या उठावानंतर इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये ‘लढाऊ जमातीं’ची कल्पना रुजली. काही वंश आणि जाती जन्मतःच शूर, बाकीच्या नाहीत, असं ती सांगे. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स तिचे मोठे पुरस्कर्ते. पंजाबी आणि गुरखा सैनिकांना पसंती मिळाली. पलटणींची रचनाही जातवार होऊ लागली, आणि अस्पृश्यांच्या हाताखाली सवर्ण शिपाई काम करणार नाहीत, हे कारण पुढे आलं. म्हणजे इंग्रजांचा वंशभेद आणि इथला जातिभेद एकमेकांना पूरक ठरले.

पेन्शन होती, मान नव्हता

रामजींना पेन्शन मिळत होती. निवृत्तीनंतर गोरेगाव इथे त्यांना सरकारी खजिनदाराचं कामही मिळालं. तरी त्यांना भेटायला निघालेल्या त्यांच्या मुलांची जात कळताच मसूर स्टेशनवर बैलगाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं कबूल करून आणि गाडी स्वतः हाकून मुलांना जावं लागलं. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

निवृत्त सैनिकांनी काय केलं?

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ला लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केलं, आणि १८९४ला भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी लावून धरली. १९१०ला त्यांचा अर्ज थेट भारतमंत्र्यांकडे गेला.

दार पुन्हा कधी उघडलं?

सरकारला माणसं कमी पडली तेव्हा. पहिल्या महायुद्धात, १९१७ला, ‘१११वी महार’ पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ला ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ला, बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. ती आजही भारतीय सैन्यात आहे.

हे फक्त इथेच झालं का?

नाही. अमेरिकेत १९४४च्या ‘जीआय बिल’ने युद्धावरून परतलेल्यांना शिक्षण आणि घरासाठी मदत देऊ केली. कायद्यात कुठेही वर्णाचा उल्लेख नव्हता, पण अंमलबजावणी स्थानिक बँका आणि कार्यालयांच्या हाती होती. १९४७ला मिसिसिपीतल्या १३ शहरांच्या पाहणीत, सरकारी हमी असलेल्या ३,२२९ कर्जांपैकी फक्त २ कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाल्याचं दिसलं.

लक्षात काय ठेवायचं?

माजी सैनिकाला मिळणारा लाभ म्हणजे फक्त दरमहा हातात पडणारी रक्कम नाही. त्या नोकरीमुळे पुढच्या पिढीला काय मिळतं, हेही त्यात येतं. कोकणातल्या महार कुटुंबांकडून नेमकं तेच काढून घेतलं गेलं. पण छावणीच्या शाळेत मिळालेली अक्षरं कुणी काढून घेऊ शकलं नाही. पुढे अर्ज, सभा आणि १९२७चा महाडचा चवदार तळे सत्याग्रह उभा राहिला, त्यामागे या शिकलेल्या सैनिकी घरांचा मोठा हात होता.