नाणेघाट : राणीचा लेख आणि घाटकऱ्यांची वाट

घाटघरची भातखाचरं मागे पडली की माळ लागतो आणि थोड्याच वेळात सह्याद्रीची धार एकदम तुटते. एका अंगाला जीवधन किल्ला, त्याच्या कुशीतून वर गेलेला वानरलिंगीचा सुळका, दुसरीकडे कोकणावर झुकलेला नानाचा अंगठा. समोर दोन ताशीव भिंतींमधली अरुंद खिंड आहे. याच खिंडीतून दगडी पायऱ्या खाली मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडे उतरतात. खिंडीच्या तोंडाशी एकाच दगडात कोरलेला भला थोरला रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

जुन्नरच्या शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला. वडील जुन्नरच्याच एका हिरड्याच्या वखारीत मापाडी होते. आजीचं माहेर घाटाखालचं, वैशाखऱ्याच्या बाजूचं. लग्न होऊन ती याच पायऱ्यांनी वर आली. त्यामुळे नाणेघाट मला पुस्तकातून आणि घरातून असा दोन्हीकडून कळत गेला. पुस्तकांनी राजे सांगितले, घराने वाट चालवणारी माणसं सांगितली. या दोन गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय या घाटाचा इतिहास पुरा होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी राजांकडचं सांगते, कारण ते थोरच आहे. खिंडीतून थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. मूर्ती नाही, स्तूप नाही; तिन्ही भिंतींना लागून दगडी ओटे आहेत. मागच्या भिंतीत एकेकाळी पुरुषभर उंचीच्या आठ आकृती कोरलेल्या होत्या. आज त्यांच्या पावलांच्या जेमतेम खुणा उरल्या आहेत. वर कोरलेल्या नावांवरून मात्र तिथे कोण उभं होतं ते कळतं: सातवाहन कुळाचा सिमुक, राजा सातकर्णी आणि राणी नागनिका, महारठी त्रणकयिरो, शिवाय राजकुमार. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लांबलचक लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात.

लेख नागनिकेचा आहे. इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन करून त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची जंत्री येते. गाई, घोडे, हत्ती, चांदीची भांडी आणि कार्षापण नाणी. एके ठिकाणी 24,400 कार्षापण, दुसरीकडे 6,001. पतीमागे महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगलेली राणी आपल्या कुळाचा हिशेब रहदारीच्या वाटेवर कोरून ठेवते. वर्गातल्या मुलींना हे सांगताना माझा आवाज दर वर्षी थोडा चढायचाच.

कर्नल विल्यम साइक्स 1828 साली इथे आला आणि या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वळलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातले आकडे ओळखले, जर्मन अभ्यासक बुलरने 1883 मध्ये लेखाचं सविस्तर वाचन छापलं. भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांमध्ये हे आकडे मोडतात. शून्य त्यांत नाही; दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. हात न लावता जवळून पाहिलं तर छिन्नीची धार कुठे खोल गेली, कुठे दगडाने दाद दिली नाही, तेही दिसतं. अक्षरं खोदणाऱ्याचं नाव कुठे नाही. त्याचं कसब मात्र दोन हजार पावसाळे टिकून आहे.

हा लेख इथेच का, याचं उत्तर वाटेतच आहे. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर, आणखी पुढे गोदाकाठी राजधानी पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या प्रवासवर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठण, तगर म्हणजे आजचं तेर आणि कल्याण यांची नावं येतात. त्या काळी कल्याणला शिरू पाहणारी ग्रीक गलबतं अडवून पहाऱ्यात भडोचला नेली जात, असंही तो लिहितो. बंदर मोलाचं होतं म्हणूनच ही ओढाताण. जुन्नरच्या लेण्यांतले लेख त्याच व्यापाराची दुसरी बाजू दाखवतात. धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींची तिथे नोंद आहे, यवन दात्यांची दानंही आहेत. मानमोडी, तुळजा, गणेश लेणी, शिवनेरी या डोंगरांत एवढी लेणी झाली, त्यामागचा पैसा या पायऱ्यांनी वर आला आणि खाली गेला.

वाट मोलाची, म्हणून तिच्यावर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी अशी किल्ल्यांची रांग. निजामशाहीच्या अखेरीस शहाजीराजांनी ज्या लहानग्या मूर्तझाला गादीवर बसवलं, तो जीवधनवर कैदेत होता. 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ले घेतले आणि जीवधन-चावंडच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या. त्या तुटक्या पायऱ्यांवरून आजही कातळ धरूनच जावं लागतं.

इथवर पुस्तकातलं झालं. पण किल्लेदार बदलत होते, राज्यं बुडत होती, तेव्हा वाट चालू कोणी ठेवली? या डोंगरातल्या घाटांच्या चौकीपहाऱ्याचं काम महादेव कोळी नाईकांकडे असे. इंग्रजी अमलात हक्क गेले, सावकारी वाढली आणि याच समाजातून बंड उठलं. अकोले-जुन्नरच्या डोंगरांत लढलेल्या राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी ठाण्यात फाशी दिलं गेलं. घाटाचा राखणदार सरकारदरबारी बंडखोर ठरला. नाणेघाटाच्या इतिहासात हे पान नागनिकेच्या लेखाइतकंच ठळक हवं.

आणि ओझी वाहणारी माणसं? पायऱ्यांची वाट, गाडीचं चाक इथे चालणार कसं? सगळा माल बैलांच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. आजी सांगायची, खालून मीठ, सुकट, बोंबील यायचे; वरून तूप, हिरडा, नाचणी जायची. चढताना थांबायच्या जागा ठरलेल्या होत्या आणि त्या पाण्याच्या टाक्यांशी होत्या. टाक्यातलं पाणी नितळ ठेवायचं, त्यात पाय घालायचा नाही, हा नियम कोणी लिहिलेला नव्हता. तो मोडल्याचंही तिने कधी ऐकलं नाही. सोयरिकी या वाटेने जुळत. “घाट आहे म्हणून माहेर आहे,” असं ती म्हणायची. पायऱ्यांच्या कडा झिजून मधोमध खोलगट झाल्या आहेत, त्या अशा पावलांनी.

वाटेचं महत्त्व कशाने गेलं, याची कारणं साधी आहेत. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर आली, 1865 मध्ये थळघाटातून. बैलाच्या पाठीवरचा माल आगगाडीशी स्पर्धा करू शकत नव्हता. पुढे मोटारीची वाट शेजारच्या माळशेज घाटातून गेली आणि नाणेघाट माहेरवाशिणींचा, गुराख्यांचा आणि बाजारकरूंचा उरला.

एक व्यापार मात्र घाटमाथ्याने सोडला नाही, तो हिरड्याचा. पश्चिम जुन्नरच्या गावांत बांधाबांधांवर हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्यात कोवळी फळं गोळा करायची आणि अंगणात वाळत घालायची. पहिल्या दिवशी हिरवीगार, मग पिवळट, मग सुरकुतून काळी. मुठीत घेऊन हलवली की खडखडली पाहिजेत. हा बाळहिरडा. वडील दोन दाणे दातांखाली फोडून ओल सांगायचे आणि मगच काटा लावायचे. एकेकाळी कातडी कमावण्यासाठी मुंबईहून हिरडा विलायतेला जात असे. आज तो औषधांसाठी जातो. भात घरात खायला, हिरडा रोकड्याला, असा इथला संसार. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडं मुळासकट उपटली गेली, तेव्हा घरांचं पुढच्या कित्येक वर्षांचं उत्पन्न गेलं. हिरड्याचं नवं झाड फळावर यायला खूप वर्षं लागतात.

हिरड्यासारखं पाणीही इथून बाहेरच जातं. कुकडी नदी याच घाटमाथ्यावर उगम पावते. पूर गावचं कुकडेश्वराचं कोरीव मंदिर तिच्या काठी आहे. शिलाहार राजा झंझाने नद्यांच्या उगमांशी बांधलेल्या बारा शिवमंदिरांपैकी ते एक, अशी परंपरा सांगते. पाऊस इथे धो धो कोसळतो, माणिकडोहच्या धरणात साठतो आणि कालव्यांनी पार नगर-सोलापूरच्या शेतांपर्यंत पोचतो. ज्या गावांच्या शिवारात तो पडतो, तिथल्या बाया मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन वाट तुडवतात. वारसा जपायच्या गोष्टी करताना हे डोळ्याआड करून चालणार नाही.

आता पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटावर गाड्यांची रांग लागते. वाऱ्याने वर उडणारं धबधब्याचं पाणी पाहायला तरुण मुलं येतात. त्यांनी यावं, हा घाट येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीच कोरलेला आहे. पण लेण्यात नावं कोरली जातात, टाक्यांत बाटल्या तरंगतात, रांजण कचऱ्याने भरतो. नुसता फलक लावून हे थांबणार नाही. टाक्यांची साफसफाई, वाटाड्यांचं काम, गाड्यांचा कर, जेवणाची सोय हे सगळं घाटघर आणि वैशाखऱ्याच्या ग्रामसभांच्या हाती द्यावं आणि त्याचा पैसा त्याच गावांत राहावा. हिरड्याच्या झाडांची नोंद आणि लागवड हीदेखील वारसाजतनातच धरावी. ज्यांच्या पूर्वजांनी ही वाट दोन हजार वर्षं चालती ठेवली, त्यांच्यापेक्षा चांगले राखणदार आपल्याला कुठून मिळणार? त्यांना तो हक्क परत दिला, तर नागनिकेचा लेखही सुरक्षित राहील.