चुना, मोरचूद आणि दोन नद्या

देहूरोडच्या दक्षिणेला पवना वाहते, उत्तरेला इंद्रायणी. याच टापूत पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वाहनांच्या मोठ्या कारखान्यांमागोमाग सुटे भाग करणारे छोटे उद्योग आले. सुटा भाग म्हटला की मुलामा आलाच : जस्ताचा, निकेलचा, क्रोमियमचा. मुलामा दिलेला भाग धुतला की त्यावर चिकटलेले द्रावण धुण्याच्या पाण्यात उतरते. सेंद्रिय मैला जिवाणू खाऊन टाकतात. धातूला मात्र नाश नाही. त्याची फक्त जागा बदलता येते.

जलप्रदूषण रोखण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याहूनही आधीचा. उपाय त्याहून पुष्कळ जुना. मोरचुदाच्या फिक्या द्रावणात चुन्याची निवळी घाला, निळसर साका खाली बसतो. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण करतात तेव्हा हेच घडते आणि ते १८८५ पासून प्रसिद्ध आहे!

क्रोमियम मात्र इतके सरळ नाही. संयुजा ६ असताना ते क्रोमेटच्या ऋण आयनात असते. चुन्याला दाद देत नाही, आणि तेच जास्त विषारी. म्हणून आधी पाणी आम्ल करून (सामू २ ते ३) सोडियम बायसल्फाइट किंवा हिराकस घालतात. संयुजा ३ वर येते. मग चुन्याने सामू ८-९ पर्यंत नेला की हिरवट हायड्रॉक्साइड बसते. अल्कली फार झाली तर क्रोमियम आणि जस्त पुन्हा विरघळू लागतात. निकेलला तर सामू १० च्या आसपास हवा. सगळ्यांचे पाणी एकाच टाकीत सोडले की कोणाचा तरी सामू चुकतोच. प्रवाह वेगळे ठेवणे हा आमच्या मते यंत्रसामग्रीपेक्षा मोठा उपाय; पण लहान जागेत तोच पहिल्यांदा सुटतो.

पाणी निवळले तरी साका उरतो. घातक कचऱ्याचे नियम १९८९ मध्ये आले. त्याआधी अशा साक्याची वेगळी बंधने नव्हती.

वर्गात त्या निळसर साक्यावर लिंबू पिळून दाखवा. साका विरघळतो, पाणी पुन्हा निळे होते. उघड्यावर टाकलेल्या साक्याला आम्ल पाणी मिळाले की असेच होते. मोरचूद विषारी आहे, हात धुवायला सांगावे. प्रयोगानंतर ते पाणी मोरीत ओतू नये. पुन्हा चुना घालून साका बसवावा आणि वाळवून बाटलीत ठेवावा.