बेंद्रे, धारवाड आणि व्याख्यानाची परंपरा

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, म्हणजेच ‘अंबिकातनयदत्त’, यांची जयंती धारवाडमध्ये दरवर्षी 31 जानेवारीला साजरी होते. साधनकेरी परिसरातील त्यांच्या घरालगत स्मारक म्हणून बेंद्रे भवन उभे आहे. काव्यवाचन, गायन आणि व्याख्यान ही तेथील स्मरणाची रूढ रूपे होत. कन्नडमध्ये व्याख्यानाला ‘उपन्यास’ म्हणतात. हिंदीत याच शब्दाचा अर्थ कादंबरी असा होतो. धारवाडच्या सांस्कृतिक इतिहासात मात्र हा शब्द एका सार्वजनिक संस्थेइतक्याच मोलाचा आहे.

त्या इतिहासाचा आरंभ बेंद्रे यांच्या जन्माच्याही आधीचा आहे. मुंबई इलाख्यातील कन्नड जिल्ह्यांत शिक्षण आणि कारभार यांवर मराठीचा पगडा होता. त्याविरुद्धच्या जागृतीतून 1890 मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. ‘वाग्भूषण’ हे त्याचे नियतकालिक. देणगीदाराच्या ठेवीतून एखाद्याच्या स्मरणार्थ व्याख्यान योजण्याची प्रथा या संघात चांगलीच रुजली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली होती. दोन्ही शहरांनी व्याख्यानाकडे लोकशिक्षणाचे साधन म्हणून पाहिले; धारवाडमध्ये त्याला भाषिक अस्मितेच्या रक्षणाचीही जोड मिळाली.

1896 मध्ये जन्मलेले बेंद्रे या दोन्ही शहरांशी जोडलेले होते. त्यांची मातृभाषा मराठी, काव्यभाषा कन्नड आणि उच्च शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झालेले. धारवाडला परतल्यावर 1922 मध्ये त्यांनी ‘गेळेयर गुंपु’ हे मित्रमंडळ उभारले. वि. कृ. गोकाक, शं. बा. जोशी यांच्यासारखे लेखक त्यात होते. कवितावाचन आणि चर्चा यांबरोबरच नवरात्रातील ‘नाडहब्ब’ या उत्सवामागेही या मंडळाची प्रेरणा होती. धार्मिक उत्सवाच्या दिवसांत प्रदेशाची संस्कृती, इतिहास आणि साहित्य यांवर लोकांसमोर बोलण्याची ही रीत पुढे कर्नाटकभर पसरली. ज्या कवीच्या नावाने आज व्याख्याने होतात, तोच व्याख्यानाला लोकोत्सवाचे रूप देणाऱ्यांपैकी एक होता, हे म्हणूनच ध्यानात घ्यावे लागते.

बेंद्रे यांच्या कवितेलाही श्रोत्यांची गरज आहे. धारवाडी बोलीचे हेल, लोकगीतांच्या चाली आणि श्लेषांचे पदर छापील पानावर पुरतेपणी उतरत नाहीत. उत्तम वक्ता ओळ म्हणून दाखवतो, तिचे दुसरे वळण उकलतो आणि मग अर्थाकडे जातो. अनुवादात जे हरवते, त्याचा काही अंश अशा सभेत परत मिळतो.

तथापि, स्मरणव्याख्यानांना एक धोकाही असतो. ‘अरळु मरळु’ला 1958 मध्ये मिळालेला साहित्य अकादेमी पुरस्कार आणि ‘नाकु तंति’साठी 1973 चे ज्ञानपीठ यांचा उच्चार करून वक्ते सहज ‘वरकवी’ या बिरुदावर स्थिरावतात. ‘नरबलि’ या कवितेमुळे 1932 मध्ये तुरुंगवास आणि त्यानंतर बेकारी सोसलेला कवी, किंवा उत्तरायुष्यात संख्यांच्या गूढात रमलेला दुर्बोध विचारवंत, अशा गौरवात मागे पडतो. पूजनीय कवीशी मतभेद व्यक्त करण्याची मुभा असेल, तरच व्याख्यानाला चिकित्सेचे मोल येते.

मराठीच्या दृष्टीने प्रश्न अधिक जवळचा आहे. बेंद्रे 1944 ते 1956 सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. ‘संवाद’ आणि ‘विठ्ठल संप्रदाय’ ही पुस्तके त्यांनी मराठीत लिहिली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमावादाने दोन भाषकसमूहांमध्ये दुरावा आणला, आणि त्या छायेत मराठीतले बेंद्रे मराठी वाचकांच्याही विस्मरणात गेले. मराठीच्या वर्चस्वाविरुद्ध उभ्या राहिलेल्या भाषाजागृतीला एका मराठीभाषक घरातील कवीने आपले सर्वस्व दिले, ही घटना दोन्ही भाषांना विचार करायला लावणारी आहे. धारवाडच्या व्यासपीठावर ‘संवाद’ची आणि सोलापूरच्या व्यासपीठावर ‘नाकु तंति’ची चर्चा होऊ लागली, तर 1981 मध्ये निवर्तलेल्या या कवीचे स्मरण त्याच्या प्रतिभेच्या दोन्ही अंगांना न्याय देणारे ठरेल.