संदर्भनोंदींची मालकी

संदर्भ सुट्या चिठ्ठ्यांवर टिपण्याची विद्वानांची रीत जुनी आहे. झुरिकच्या कोनराड गेसनर याने 1548 सालच्या आपल्या ग्रंथात, टिपणे कागदाच्या एकाच बाजूस लिहावीत, कात्रीने सुटी करावीत आणि हव्या त्या क्रमाने लावावीत, अशी पद्धत सांगितली होती. ही चिठ्ठी संशोधकाच्या मालकीची असे आणि तिचा क्रमही तोच ठरवी.

1980च्या दशकात प्रोसाइट, रेफरन्स मॅनेजर, एंडनोट या सॉफ्टवेअरांनी चिठ्ठ्यांची पेटी संगणकात आणली. लेखक, शीर्षक, वर्ष हे घटक वेगवेगळ्या रकान्यांत साठवायचे आणि लेख लिहिताना नियतकालिकाच्या शैलीप्रमाणे संदर्भसूची आपोआप तयार करून घ्यायची, असे त्यांचे काम चाले. पुढे 2001 साली रेफवर्क्स आले, त्यातील नोंदी ब्राउझरमधून करता येत, आणि वर्गणी बहुधा विद्यापीठाचे ग्रंथालयच भरत असल्याने विद्यार्थ्यांना ते शिकवण्याचे व अडचणी सोडवण्याचे कामही ग्रंथपालाकडे आले. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला आपल्या नोंदी सोबत नेता याव्यात, ही त्यातली खरी निकड होती. ती भागवली 'आरआयएस' या साध्या मजकुराच्या फाइलीने, जिच्यात प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरांची खूण असते: 'एयू' म्हणजे लेखक, 'टीआय' म्हणजे शीर्षक, 'ईआर' म्हणजे नोंदीचा शेवट.

ऑक्टोबर 2006 मध्ये व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने झोटेरो हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता व बदलता येते असे, प्रसिद्ध केले. एंडनोटच्या शैली-फाइली झोटेरोत वापरता येऊ लागल्या म्हणून एंडनोटची तेव्हा मालक असलेल्या थॉमसन रॉयटर्सने 2008 साली दावा लावला; तो जून 2009 मध्ये न्यायालयाने काढून टाकला. हा निकाल ग्रंथालयांच्या दृष्टीने फार मोलाचा होता, कारण दावा टिकता तर संशोधकाला एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात जाण्याची वाट अरुंद झाली असती.

या सॉफ्टवेअरांतले रकाने मात्र आडनाव गृहीत धरूनच आखलेले राहिले. शियाळी रामामृत रंगनाथन या भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या जनकाच्या नावात शियाळी हे गाव, रामामृत हे वडील आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव, आडनाव असे नाहीच. तरीही 'एयू'च्या ओळीत स्वल्पविरामाच्या अलीकडे रंगनाथन आणि पलीकडे एस. आर. असे लिहावे लागते, आणि आयात केलेल्या नोंदीत ते उलटे पडले असेल तर ती हाताने कशी सुधारावी, हे ग्रंथपालाला शिकवावे लागते.