काच वितळते, पण जमवायची कोणी?

पुनर्वापराच्या दृष्टीने काच ही जवळजवळ आदर्श वस्तू आहे. कागदाचा तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतो, प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. काच मात्र कितीही वेळा वितळवली तरी तिचा दर्जा टिकतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे तिच्यातील जाळे मुळातच अनियमित असते आणि पुन्हा थंड होताना ते तसेच जुळून येते. तरीही फुटकी बाटली उकिरड्यावर का पडून राहते? याचे अर्धे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि उरलेले अर्धे पैशाच्या इतिहासात.

प्रथम भौतिकशास्त्र. नवी काच करण्यासाठी वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी यांचे मिश्रण सुमारे १,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. त्यातील कार्बोनेटे तापताना कार्बन डायऑक्साइड सोडतात. भंगार काचेत ही क्रिया आधीच होऊन गेलेली असते. त्यामुळे मिश्रणात दर १० टक्के भंगार काच वाढवली, की भट्टीची साधारण अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते. मात्र ही काच स्वच्छ आणि रंगवार निवडलेली हवी. चिनी मातीचा बारीकसा तुकडा मिसळला, तरी तो न वितळता नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो आणि बाटली तेथेच तडकते.

आता इतिहास. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांचे या उपक्रमाला पाठबळ होते. त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. परदेशात काचतंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची धुरा घेतली. हा कारखाना शाळाही होता. तेथे शिकलेल्यांनी देशात इतरत्र काचेचे कारखाने उभारण्यास हातभार लावला. लोकवर्गणीतून केवळ भट्टी पेटली नाही, तर ती चालवण्याचे ज्ञानही पसरले.

दुसरा प्रसंग उत्तर प्रदेशातील फिरोजाबादचा. परकीयांनी आणलेल्या आणि नंतर टाकून दिलेल्या काचवस्तू लाकडाच्या भट्टीत वितळवून येथील काचकाम सुरू झाले, असे स्थानिक परंपरा सांगते. पुढे हे गाव बांगड्यांचे माहेरघर झाले. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातील उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळण्याचा, अन्यथा परिसर सोडण्याचा आदेश दिला. फिरोजाबाद त्याच ताज परिक्षेत्रात येते. बांगड्यांच्या एका भट्टीत अनेक मुशी असतात आणि त्यांत निरनिराळ्या रंगांची काच वितळते. असे लहान कारखानदार नव्या भट्टीचे संशोधन स्वतःच्या खर्चाने कसे करणार? स्वित्झर्लंडच्या विकास सहकार्य संस्थेच्या अर्थसाहाय्याने ‘टेरी’ या संस्थेने वायूवर चालणारी नवी मूस-भट्टी विकसित केली आणि २००० मध्ये ती प्रत्यक्ष चालवून दाखवली. बाहेर जाणाऱ्या तप्त धुराची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणे, हे तिचे साधे तत्त्व. जुन्याच रचनेला वायूचे बर्नर जोडलेल्या भट्टीपेक्षा ती सुमारे एक तृतीयांश ऊर्जा वाचवते.

या दोन्ही प्रसंगांत सार्वजनिक पैसा भट्टीपर्यंत पोहोचला. पण पुनर्वापराची साखळी भट्टीच्या फार आधी, घराच्या दारात सुरू होते. काच जड आणि स्वस्त असते. शिवाय रिकाम्या बाटलीच्या आकारमानाचा मोठा भाग नुसती हवाच असतो. भट्टीपासून दूरच्या गावातून ती आणायची, तर वाहनभाडे मालाच्या किमतीवर जाते. काच आधी रंगवार निवडून मग फोडली, तर त्याच वाहनात कितीतरी जास्त माल मावतो. त्यासाठी लागते ती जागा, फोडणी यंत्र आणि निवडणाऱ्याला हातमोजे व रास्त मजुरी. शहरात हे काम बहुतांशी भंगारवाले आणि कचरावेचक करतात. कापलेल्या बोटांचा खर्च त्यांचा, वाचलेल्या ऊर्जेचा लाभ कारखान्याचा.

या दृष्टीने निलगिरीचे उदाहरण बोलके आहे. तेथे जंगलात फेकलेल्या मद्याच्या बाटल्यांनी वन्यप्राण्यांचे पाय कापत होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०२२ मध्ये प्रत्येक बाटलीवर १० रुपये जादा घेऊन ती परत आणणाऱ्याला ते परत देण्याची योजना सुरू झाली. त्यामुळे रिकाम्या बाटलीला किंमत आली आणि ती परत आणण्याला कारण मिळाले.

म्हणून काच-पुनर्वापरासाठी अनुदान मागताना वा देताना केवळ भट्टीची क्षमता विचारू नये. काच किती अंतरावरून येणार, ती कोण निवडणार आणि त्याच्या हाती काय पडणार, हेही विचारावे. एका पैशाच्या वर्गणीतून आपण काच करायला शिकलो. ती गावोगावहून परत आणण्यासाठीही तशाच सामूहिक निधीची गरज आहे, आणि त्यातील पहिला वाटा निवडणाऱ्या हातांचा असला पाहिजे.