उन्हात दिसणारा स्क्रीन

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘लिहिण्यासाठी आणि बाहेर, शेतावर-गडावर बसून वापरता येईल असा हलका लॅपटॉप कोणता घ्यावा?’ आता आम्ही इतिहासाची माणसं, दुकान काही आमचं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण तो खरं तर इतिहासाचाच आहे. या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर १९८३ साली मिळालं होतं. मग ते बाजूला पडलं. का पडलं, हे आज बघू.

सुरुवात १९८१ पासून करू. त्या वर्षी अमेरिकेत ॲडम ऑसबोर्न यांनी ‘ऑसबोर्न १’ हा संगणक बाजारात आणला. या गृहस्थांचं बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला, रमण महर्षींच्या आश्रमाच्या सावलीत गेलं, आणि शेवटची वर्षं कोडाईकनालला. संगणकाच्या इतिहासात हे नाव येतं तेव्हा ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. तर ऑसबोर्न १ चं वजन होतं अकरा किलोच्या आसपास. झाकण लावलं की शिलाई मशीनची पेटी वाटावी. आत पाच इंची काचेची नळी, सोबत लिहिण्यासाठी वर्डस्टार. लोकांनी तो घेतला, गाडीतून नेला, हॉटेलात उघडला, आणि आधी भिंतीवर प्लग शोधला. उचलता येणं वेगळं आणि नेऊन बाहेर वापरता येणं वेगळं.

१९८२ सालच्या ‘ग्रिड कंपास’नं आजच्या लॅपटॉपचा आकार आणला, म्हणजे वहीसारखं मिटणारं झाकण, मॅग्नेशियमची काया, केशरी अक्षरं. नासानं तो अंतराळयानातून नेला. किंमत आठ हजार डॉलरच्या वर आणि आत बॅटरी नाही. म्हणजे अंतराळात चालेल, पण शेताच्या बांधावर नाही. जपानच्या एप्सनच्या ‘एचएक्स-२०’ मध्ये बॅटरी होती आणि छोटा प्रिंटरसुद्धा होता, पण स्क्रीनवर चारच ओळी, एका ओळीत वीस अक्षरं. त्यात परिच्छेद लिहायचा म्हणजे दाराच्या फटीतून अख्खी वरात बघायची.

आणि मग १९८३ साल. जपानच्या क्योसेरानं बनवलेलं आणि अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकलं गेलेलं ‘टीआरएस-८० मॉडेल १००’. वजन जेमतेम दीड किलो. पूर्ण आकाराचा, बोटांना बरा वाटणारा कीबोर्ड. आठ ओळी, प्रत्येकी चाळीस अक्षरं. आत बॅटरी कुठली, तर टॉर्चमध्ये घालतो ते चार पेन्सिल सेल. त्यावर वीसेक तास काम चालायचं. सेल संपले तर कुठल्याही पानपट्टीवर मिळतील अशी वस्तू. बटण दाबलं की लगेच सुरू, आणि बंद केलं तरी लिहिलेलं जागच्या जागी. आतला लिहिण्याचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टचा, आणि त्यावर खुद्द बिल गेट्स यांनी काम केलं होतं.

हे यंत्र उचललं वार्ताहरांनी. कारण आत मोडेम होता, टेलिफोनच्या तारेतून मजकूर पाठवणारा. वेग सेकंदाला साधारण तीस अक्षरांचा. आज हसू येईल, पण हिशोब करा. सहा हजार अक्षरांची बातमी साडेतीन मिनिटांत कार्यालयात पोचते. फोनवर कोणाला शब्द न् शब्द सांगत बसायला नको. सामन्याच्या मैदानावरून, निवडणुकीच्या सभेतून, सार्वजनिक फोनच्या रिसीव्हरला रबरी कप लावून लोकांनी बातम्या धाडल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. मॉडेल १०० च्या स्क्रीनला स्वतःचा दिवा नव्हता. बाहेरचा उजेड स्क्रीनमधून आत जायचा, मागच्या थरावर आपटून परत यायचा, आणि त्यात अक्षरं काळी दिसायची, कागदावरच्या शाईसारखी. म्हणजे ऊन जितकं जास्त, तितकं वाचायला सोपं. रात्री मात्र कंदील हवा. आणि दिवा नाही म्हणूनच चार सेलवर वीस तास.

मग ही चांगली गोष्ट सोडली का? आमच्या मते गिऱ्हाईक बदललं. लॅपटॉप घेणारा आता ऑफिसातला माणूस होता. त्याला हिशोबाचे तक्ते बघायला पंचवीस ओळी आणि ऐंशी अक्षरं हवी होती, मग विंडोज आलं, मग रंग हवे झाले. १९९२ साली आयबीएमच्या ‘थिंकपॅड ७००सी’चा १०.४ इंची रंगीत स्क्रीन लोक थांबून बघायचे. तशा रंगीत स्क्रीनला मागून दिवा लागायचा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो उठून दिसतो, आणि खरेदी दुकानातच होते, उन्हात नाही.

आता आपल्याकडे बघू. इंग्रजी वार्ताहर मॉडेल १०० वर लिहीत होता, तेव्हा मराठी वार्ताहर काय करत होता? कागदावर लिहून पाकीट एसटीनं धाडत होता, नाहीतर ट्रंक कॉलवर ओरडून बातमी सांगत होता. यंत्र महाग होतं हे खरं, पण फुकट मिळालं असतं तरी उपयोग नव्हता. त्या स्क्रीनवर एका अक्षराला सहा बाय आठ ठिपके मिळायचे. इंग्रजी अक्षर त्यात आरामात बसतं. आता ‘मूर्ती’ हा साधा शब्द बसवून बघा. खाली दीर्घ ऊकार, वर रफार, शिवाय वेलांटी, मध्ये अक्षराचं अंग. आठ ठिपक्यांत हे सगळं कसं मावणार? देवनागरीचा कीबोर्ड १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट म्हणून ठरला, पुढे सी-डॅकचं जिस्ट कार्ड आलं, पण ते कार्ड घालायचं टेबलावरच्या संगणकात. म्हणजे उन्हात चालणारं यंत्र रोमनमध्ये, आणि मराठी लिहिणारं यंत्र खोलीत. या दोघांची गाठ पडायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला.

ती पडली एका लहान मुलांच्या लॅपटॉपमध्ये. निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा ‘एक्सओ-१’, साल २००७. त्याचा स्क्रीन मेरी लू जेपसन यांनी घडवला. दिवा लावला की रंगीत, आणि दिवा बंद करून उन्हात नेला की काळापांढरा आणि स्वच्छ वाचता येणारा. देवनागरी कीबोर्डची आवृत्तीही निघाली. भारत सरकारनं हा प्रकल्प नाकारला, तरी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावच्या शाळेत त्याचा प्रयोग झाला. मात्र त्याचा रबरी कीबोर्ड मुलांच्या बोटांसाठी होता. मोठ्या माणसानं त्यावर लेख लिहायचा म्हणजे शिक्षाच. पुढे जेपसन यांच्या ‘पिक्सेल क्यूआय’ कंपनीचा तसाच स्क्रीन बंगळुरूच्या नोशन इंकनं आपल्या ‘ॲडम’ टॅबलेटमध्ये घातला. तोही फार टिकला नाही.

तर श्रोत्यांच्या प्रश्नाकडे येऊ. दुकानात गेलात की प्रोसेसर नंतर विचारा. लिहायला तो कुठलाही पुरतो. आधी स्क्रीनचे ‘निट्स’ विचारा, म्हणजे त्याचा उजेड किती. साध्या लॅपटॉपचे अडीचशे-तीनशे असतात, ते खोलीपुरते. झाडाखाली बसायचं तर चारशे-पाचशे बघा, तेही चकाकी नसलेल्या स्क्रीनचे. उघड्या उन्हात हजाराच्या पुढचे लागतात. तसे मजबूत लॅपटॉप मिळतात, पण जड आणि महाग. दुसरा रस्ता ई-इंकच्या टॅबलेटला कीबोर्ड जोडायचा. ते १९८३ चंच तत्त्व, यंत्राचा नाही तर उन्हाचा उजेड वापरायचा. आता त्यावर ‘मूर्ती’ही नीट उमटते, फक्त अक्षर बोटाच्या किंचित मागून येतं. आमची निवड विचाराल तर नुसतं लिहायचं असेल त्यानं हाच घ्यावा. फोटो-नकाशेही लागत असतील तर पाचशे निट्सचा हलका लॅपटॉप आणि झाडाची सावली.

बऱ्याच कंपन्या आपलं यंत्र ३५ अंश तापमानापर्यंतच वापरा म्हणतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात तर सावलीतही हा आकडा मागे पडतो. तेव्हा सकाळी लवकर लिहा. आणि ऊन समोरून येत असेल तर पांढरा सदरा घालून बसू नका. उन्हातल्या पांढऱ्या कापडाचा उजेड वीस हजार निट्सच्या घरात जातो. गुळगुळीत काच त्यातला चारेक टक्के परत फेकते, म्हणजे सात-आठशे निट्स. तीनशेच्या स्क्रीनवर तुम्हाला तुमचा सदराच दिसेल.