एक वचन, अनेक प्रोसेसर : कंपायलरमधील एक्सेप्शनचा इतिहास

ठाणे खाडीच्या पूर्वेस, ऐरोली आणि घणसोली यांच्यामध्ये असलेले रबाळे ज्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात मोडते, त्याची जडणघडण १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने केली; रसायनांच्या आणि अभियांत्रिकी मालाच्या कारखान्यांमागोमाग तेथे सॉफ्टवेअर कंपन्या व डेटा सेंटरे आली. परिणामी कारखान्यातील यंत्रे चालवणारे छोटे प्रोसेसर आणि सर्व्हरमधील ताकदवान प्रोसेसर आज एकाच रस्त्याच्या दुतर्फा काम करतात. त्यांच्या आज्ञा वेगवेगळ्या असल्या, तरी प्रोग्रॅम बहुधा एकाच भाषेत लिहिला जातो आणि तो त्या-त्या आज्ञांत उतरवण्याचे काम कंपायलर करतो. या कामातील एक अतिशय अवघड भाग म्हणजे एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना उद्भवणारी आणि नेहमीच्या क्रमाने निस्तरता न येणारी अडचण. तिचा इतिहास हा भाषेने दिलेले वचन प्रत्येक प्रोसेसरवर नव्याने पाळण्याचा इतिहास आहे.

हे वचन भाषांनी टप्प्याटप्प्याने दिले. १९६० च्या दशकात पीएल-वन भाषेने ठरावीक अडचणींसाठी वेगळा कोड लिहिण्याची सोय केली. १९७० च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू भाषेने तिला शिस्तबद्ध रूप दिले. पुढे अडाने आणि १९९० च्या सुमारास सी प्लस प्लसने ती स्वीकारली. अडचण आली की एकातून दुसरे अशी बोलावलेली फंक्शने, म्हणजे प्रोग्रॅमचे स्वतंत्र तुकडे, उलट क्रमाने सोडत, प्रत्येकाने धरून ठेवलेली मेमरी व फाइल मोकळी करत, अडचण निस्तरणाऱ्या जागेपर्यंत पोहोचायचे, असा सी प्लस प्लसचा दंडक आहे.

महाराष्ट्रातील संगणनाची सुरुवात मात्र एकेका यंत्रापासून झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकासाठी प्रोग्रॅम त्या यंत्राच्याच भाषेत लिहावे लागत. १९६४ मध्ये तेथे आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकाबरोबर फोर्ट्रान भाषा रुळली. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या परम महासंगणकांच्या मालिकेत तर यंत्राचा पायाच वारंवार बदलत गेला : १९९१ च्या परम ८००० मध्ये ट्रान्सप्युटर, १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क, परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर-४ आणि २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचे प्रोसेसर होते. प्रोसेसर असा बदलत असताना प्रोग्रॅम तोच ठेवायचा, तर सारा भार कंपायलरवर येतो.

फंक्शने उलट क्रमाने सोडण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. पहिल्या रीतीत जोखमीच्या प्रत्येक भागात शिरताना प्रोसेसरची स्थिती नोंदवून ठेवतात. ही रीत कोणत्याही प्रोसेसरवर सहज बसते, पण अडचण आली नाही तरी तिची किंमत दर वेळी मोजावी लागते. दुसऱ्या रीतीत कंपायलर आधीच तक्ते तयार करून ठेवतो आणि ते अडचण आल्यावरच वाचले जातात. इटॅनियम प्रोसेसरच्या निमित्ताने ठरलेली या दुसऱ्या रीतीची व्यवस्था लिनक्सवर अनेक प्रोसेसरांनी स्वीकारली, तर ३२ बिटी आर्मने तक्त्यांची आपली वेगळी मांडणी ठेवली.

तक्त्यातील नोंद शोधण्यासाठी परतीचा पत्ता, म्हणजे बोलावलेले फंक्शन संपल्यावर जेथे परत यायचे ती जागा, माहीत असावी लागते, आणि प्रोसेसरांतील फरक येथेच उघडे पडतात. इंटेल कुळातील एक्स८६ वर हा पत्ता स्टॅकवर, म्हणजे चालू बोलावण्यांची नोंद ठेवणाऱ्या मेमरीच्या भागात, असतो आणि तो बोलावण्याच्या आज्ञेच्या पुढच्या आज्ञेचा असतो. ते बोलावणे जोखमीच्या भागातील शेवटची आज्ञा असेल, तर पत्ता त्या भागाच्या बाहेर पडतो, म्हणून शोधण्यापूर्वी त्यातून एक वजा करतात. स्पार्कवर रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागेत, बोलावण्याच्या आज्ञेचाच पत्ता राहतो आणि परतताना सामान्यतः त्यात आठ मिळवावे लागतात. ३२ बिटी आर्मवर पत्त्याचा शेवटचा बिट आज्ञांचा प्रकार सांगतो, म्हणून तो आधी पुसावा लागतो. यांपैकी एकही बाब चुकली, तर चुकीची नोंद हाती लागते आणि साफसफाई अर्धवट राहते.

शून्याने भागण्याची गोष्टही अशीच आहे. पूर्णांकाला शून्याने भागले, तर एक्स८६ प्रोसेसर स्वतःच काम थांबवून इशारा देतो. ६४ बिटी आर्म निमूटपणे शून्य हे उत्तर देतो आणि रिस्क-फाइव्ह सर्व बिट एक असलेली संख्या देतो. जावा भाषेने मात्र येथे एक्सेप्शनचे वचन दिलेले असल्याने, इशारा न देणाऱ्या प्रोसेसरसाठी कंपायलरला भागाकारापूर्वी भाजक शून्य आहे का, याची तपासणी स्वतः घालावी लागते.

प्रोग्रॅम वेगवान करताना ही जबाबदारी आणखी वाढते, कारण एक्सेप्शन देऊ शकणाऱ्या प्रत्येक बोलावण्यातून एक न दिसणारी वाट फुटते आणि ती हिशेबात धरली नाही, तर पुढे लागणारे मूल्य चुकीचे ठरते. प्रोग्रॅमच्या सर्व वाटांवरून मूल्ये कशी वाहतात, याच्या अभ्यासाला डेटा-फ्लो विश्लेषण म्हणतात. पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे, अमिताभ सन्याल आणि उदय खेडकर यांनी या शाखेत मोलाचे संशोधन केले, आणि खेडकर यांनी जीसीसी या मुक्त कंपायलरच्या अंतरंगाचे शिक्षण विद्यार्थ्यांपर्यंत नेले. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने हिताची कुळातील एच८ व एसएच प्रोसेसरांसाठी हाच जीएनयू कंपायलर तपासून मोफत उपलब्ध करून दिला. अशा छोट्या नियंत्रकांवर मेमरी तोकडी असल्याने तक्त्यांचा भार टाळण्यासाठी एक्सेप्शनची सोय अनेकदा बंदच ठेवतात, हाही या इतिहासाचा भाग आहे.

आता सी-डॅकने रिस्क-फाइव्हवर आधारित वेगा प्रोसेसर घडवले आहेत, आणि नवा प्रोसेसर आला की परतीचा पत्ता, तक्ते आणि तपासण्या यांची जुळणी पुन्हा करावी लागते. एका प्रोसेसरवर अचूक ठरलेला कंपायलर दुसऱ्यावरही अचूक असेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक प्रोसेसरवर मुद्दाम अडचण निर्माण करून साफसफाई शेवटपर्यंत होते का, हे तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि कारखान्याचे यंत्र असो वा डेटा सेंटरमधील सर्व्हर, त्यांवरचा विश्वास या चिकाटीच्या कामावर उभा आहे.